विद्यार्थ्यांचं मोबाइल-व्यसन मोजायचं तर...

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी पुण्यात मानसशास्त्रात एम.ए. करते आहे, दुसरं वर्ष. प्रबंधासाठी तिला ३०० विद्यार्थ्यांमधलं इंटरनेट आणि स्मार्टफोनचं व्यसन मोजायचं आहे. गाइडनी दोन प्रश्नावल्या सुचवल्या आहेत: किम्बर्ली यंगची वीस प्रश्नांची इंटरनेट ॲडिक्शन टेस्ट आणि कोरियात तयार झालेली स्मार्टफोन ॲडिक्शन स्केलची दहा विधानांची छोटी आवृत्ती. गूगल फॉर्म बनवायचा, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकायचा आणि किती टक्के विद्यार्थी व्यसनी निघतात ते काढायचं. तिचे प्रश्न दोन: "एवढं पुरेल का? आणि कट-ऑफ कोणता धरू?"

उत्तर लांबणार आहे. मी बावीस वर्षं पुण्यात समुपदेशन करते आहे आणि या विषयावरचे बरेच प्रबंध माझ्या नजरेखालून गेले आहेत. बहुतेकांच्या शेवटी एकच वाक्य असतं: अमुक टक्के विद्यार्थी व्यसनी आढळले. त्या वाक्याचा मला त्रास होतो, कारण तशीच मुलं संध्याकाळी माझ्यासमोरच्या खुर्चीत बसलेली असतात आणि त्यांचं दुखणं त्या वाक्यात कुठेच नसतं.

तर, पहिल्या प्रश्नाचं उत्तर: पुरणार नाही. दुसऱ्याचं: कट-ऑफवर, म्हणजे किती गुणांपासून व्यसनी धरायचं त्या रेषेवर, प्रबंध उभा करू नका. का, ते सांगते.

आधी 'व्यसन' हा शब्द आला कुठून ते बघा. १९९५ साली न्यूयॉर्कचे मनोविकारतज्ज्ञ आयव्हन गोल्डबर्ग यांनी निदान-पुस्तकांची नक्कल करत 'इंटरनेट ॲडिक्शन डिसऑर्डर'ची लक्षणं गंमत म्हणून लिहिली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला आपल्याकडे व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. पुढच्याच वर्षी किम्बर्ली यंग यांनी हा विषय गांभीर्याने मांडला. त्यांनी जुगाराच्या व्यसनाचे निकष घेतले, जुगाराच्या जागी इंटरनेट घातलं, आणि आठ प्रश्नांची पहिली चाचणी झाली. वीस प्रश्नांची चाचणी १९९८ची. म्हणजे तुम्ही जे माप हातात घेताय ते फोनच्या तारेवरून इंटरनेट यायचं त्या काळचं आहे. फेसबुक २००४ला आलं, आयफोन २००७ला. त्या चाचणीत 'दुसरं काम करण्याआधी ई-मेल बघता का' अशा अर्थाचा प्रश्न अजून आहे. आजच्या एस.वाय.च्या मुलाला विचारून बघा. ई-मेल तो फक्त इंटर्नशिपसाठी उघडतो.

निदानाच्या बाजूने बघितलं तर अमेरिकेच्या डीएसएम-५ या मनोविकारांच्या निदान-पुस्तकाने २०१३ साली फक्त इंटरनेट गेमिंगचा उल्लेख केला, तोही 'अजून अभ्यास व्हायला हवा' अशा विभागात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीमध्ये गेमिंग डिसऑर्डर हे निदान आहे आणि ते १ जानेवारी २०२२पासून लागू झालं. 'स्मार्टफोनचं व्यसन' नावाचं निदान या दोन्हींत नाही. त्यामुळे शीर्षकात आणि निष्कर्षात 'समस्यात्मक वापर' लिहा. हा शब्दाचा किस काढणं नाही. पुण्यात व्यसन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र येतं, दारू येते, गर्द येते. तो शिक्का एकोणीस वर्षांच्या पोरीवर दहा प्रश्नांच्या जोरावर मारायचा नसतो.

आता कट-ऑफचं बघू. छोटी स्मार्टफोन मापिका क्वॉन आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केली. दहा विधानं, प्रत्येकाला १ ते ६ गुण, एकूण १० ते ६०. कट-ऑफ मुलग्यांसाठी ३१, मुलींसाठी ३३. हे आकडे आले कुठून? दक्षिण कोरियातल्या ५४० शाळकरी मुलांकडून. सरासरी वय साडेचौदा. तुमचे विद्यार्थी वीस-बावीसचे, कुणी घर सोडून कोथरूडला पीजीत राहतंय, कुणी कर्वेनगरहून दोन बस बदलून येतंय. कोरियातल्या नववीतल्या पोरांची रेषा यांच्या कपाळावर ओढायची कशी?

कागद-पेन्सिल घ्या आणि एक साधं गणित करा. मापिकेत ३ म्हणजे 'किंचित असहमत', ४ म्हणजे 'किंचित सहमत'. एखाद्या मुलाने नऊ विधानांना 'किंचित असहमत' आणि एकाला 'किंचित सहमत' दिलं तर होतात २७ अधिक ४, म्हणजे ३१. थेट रेषेवर. दहांपैकी नऊ गोष्टींना तो नाही म्हणतोय, एकीला जेमतेम हो, आणि आपण त्याला व्यसनाच्या उंबरठ्यावर उभं करतोय. मुलीचं तसंच: सात विधानांना 'किंचित असहमत', तिनांना 'किंचित सहमत', की ३३. हे गणित मी विद्यार्थ्यांकडून फळ्यावर करून घेते, कारण नुसतं सांगून पटत नाही.

दुसरं गणित याहून महत्त्वाचं आहे. मूळ अभ्यासात या कट-ऑफची संवेदनशीलता (खरोखर त्रास असलेल्यांपैकी किती पकडले) साधारण ८७ टक्के आणि विशिष्टता (त्रास नसलेल्यांपैकी किती बरोबर वगळले) साधारण ८९ टक्के निघाली होती. ऐकायला उत्तम. समजा, तुमच्या कॉलेजातल्या १००० मुलांपैकी ५० जणांना खरोखर गंभीर त्रास आहे. मापिका त्यांतल्या ४३-४४ जणांना पकडेल. पण उरलेल्या ९५० जणांपैकी ११ टक्के, म्हणजे १०४-१०५ मुलंही तिच्या जाळ्यात येतील. एकूण पकडलेले सुमारे १४८, त्यात खरे त्रासलेले जेमतेम ३० टक्के. म्हणजे ज्यांना तुम्ही व्यसनी म्हणाल त्या दर दहांतल्या सातांना तसा आजार नसेल. मापिका वाईट आहे असं यातून निघत नाही. चाळणीला तराजू समजलं की असं होतं. चाळणी लावून पुढे कुणाशी बोलायचं ते ठरवा. टक्केवारी जाहीर करायला ती वापरू नका.

यंगच्या चाचणीची अडचण आणखी वेगळी. तिची गुणपद्धत दोन रूपांत फिरते. एकीत उत्तरं १ ते ५, म्हणून बेरीज २० ते १००. दुसरीत 'लागू नाही' साठी शून्य असतं, म्हणून बेरीज ० ते १००. एका प्रबंधात मी शून्याची पद्धत आणि दुसऱ्या पद्धतीचे कट-ऑफ एकत्र बघितलेत आणि तो पासही झालेला बघितलाय. तुम्ही कोणतं रूप घेतलं ते पद्धतीच्या प्रकरणात पहिल्याच परिच्छेदात लिहा.

आणि मराठी करताना काय होतं बघा. उत्तरांच्या पायऱ्यांत तीनला 'फ्रीक्वेंटली' आहे आणि चारला 'ऑफन'. मराठीत काय लिहाल? वारंवार आणि बऱ्याचदा? मी हे शब्द कार्डांवर लिहून मुलांना कमी-जास्त लावायला दिले होते. निम्म्यांनी 'बऱ्याचदा' वर ठेवलं, निम्म्यांनी 'वारंवार'. एका मुलाने दोन्ही कार्डं शेजारी शेजारी ठेवली आणि म्हणाला, "मॅडम, एकच आहे हो." मग ज्या प्रश्नावलीत तीन आणि चार एकच आहेत तिच्या बेरजेतल्या दोन-चार गुणांच्या फरकाला अर्थ काय राहिला? मी शेवटी शब्द सोडून दिवस धरले: गेल्या आठवड्यात एकदाही नाही, एक-दोन दिवस, तीन-चार दिवस, जवळजवळ रोज. मापिकेच्या मूळ पायऱ्या बदलल्या की तिचे जुने कट-ऑफ लागू होत नाहीत, हे खरं. तसे ते लागू करायचेच नाहीयेत, तेव्हा बिघडत काही नाही. फक्त बदल केलाय हे स्पष्ट लिहा आणि मापिका वापरायची परवानगी कुणाकडून घ्यावी लागते तेही आधी तपासा.

भाषांतराबद्दल थोडं थांबून सांगते, कारण बहुतेक प्रबंध इथेच पडतात. नेहमीची रीत अशी: दोघांनी स्वतंत्र भाषांतर करायचं, तिसऱ्याने जुळवायचं, आणि मूळ न पाहिलेल्या चौथ्याने ते उलट इंग्रजीत आणायचं. रीत चांगली आहे, पण ती एक गोष्ट पकडत नाही. 'मी स्मार्टफोनच्या विचारांनी व्याप्त असतो' हे वाक्य उलट इंग्रजीत अगदी नेमकं जातं, परीक्षक खूश होतात, आणि मराठीत तसं कुणीही बोलत नाही. मुलं काय बोलतात? फोन सुटत नाही. हातात नसला की चैन पडत नाही. हात शिवशिवतात. पाच मिनिटं म्हणून घेतला आणि दोन वाजले. रीलमध्ये अडकलो. ही वाक्यं वापरा. तुमच्या वर्गातल्या मुलांकडूनच ती मिळतील, नुसतं कँटीनमध्ये बसून ऐकलंत तरी.

आणि भाषांतर झाल्यावर आठ-दहा विद्यार्थ्यांना समोर बसवून एकेक विधान मोठ्याने वाचायला लावा. उत्तर देताना डोक्यात काय आलं ते बोलायला सांगा. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण सगळ्यात जास्त तिथेच कळतं.

एक प्रसंग सांगते. आमच्या मराठी मसुद्यात एक विधान होतं: 'स्मार्टफोन हातात नसताना मी अधीर व चिंताक्रांत होते.' बारामतीकडची एक मुलगी होती, होस्टेलला राहणारी. तिने न थांबता ६ला खूण केली. मी विचारलं, काय आलं मनात? ती म्हणाली, "आईचं डायलिसिस असतं ना मंगळवारी आणि शुक्रवारी. प्रॅक्टिकलला फोन बाहेर ठेवायला लावतात. तेव्हा जीव नुसता टांगलेला असतो." तिने पेन खाली ठेवलं आणि फोन उलटा करून टेबलावर ठेवला, स्क्रीन खाली. मग परत सरळ केला. त्या विधानावर पूर्ण ६ गुण, आणि ते गुण फोनच्या ओढीचे नव्हते, आईच्या काळजीचे होते. नंतर आम्ही विधान बदललं: 'कुणाचा महत्त्वाचा फोन यायचा नसतानाही, मोबाइल जवळ नसला की मला चैन पडत नाही.' लांब झालं, पण खरं झालं.

'आजूबाजूचे लोक म्हणतात की मी फोन फार वापरतो' या विधानाचंही तसंच. पीजीत एकट्या राहणाऱ्या मुलीला म्हणणार कोण? आणि जो आजी-आजोबांसोबत वाड्यात राहतो त्याला रोज सकाळी ऐकावंच लागतं, त्याने फोन नुसता हातात घेतला तरी. हे विधान फोनपेक्षा घरात माणसं किती आहेत ते जास्त मोजतं. यंगच्या चाचणीत जोडीदाराशी जवळीक आणि इंटरनेट यांची तुलना करणारा एक प्रश्न आहे. आमच्याकडे निम्म्या मुली तिथे लाजून काहीतरी एक खूण करून पुढे गेल्या. रिकामी जागा सोडली असती तर बरं झालं असतं, पण गूगल फॉर्मला उत्तर 'आवश्यक' केलं होतं. तुम्ही ते 'आवश्यक' काढून टाका. न दिलेलं उत्तर ही माहितीच असते.

आता मुख्य गोष्ट. वेळ मोजायचा की ताबा? मी दोन मुलांबद्दल सांगते, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून.

पहिला बी.कॉम.चा. सकाळी कॉलेज, संध्याकाळी पाचपासून खाण्याच्या ऑर्डरी पोचवतो, कोथरूड ते वारजे. फोन मोटारसायकलच्या हँडलवर, नकाशा चालू, स्क्रीन चालू. दिवसाला नऊ तास. त्याचे छोट्या मापिकेवर ४१ गुण आले. मान दुखते का? हो. फोनशिवाय राहू शकत नाही का? "नाहीच राहू शकत, पैसे कसे मिळणार?" ठरवल्यापेक्षा जास्त वेळ वापर होतो का? पावसात ऑर्डरी वाढल्या की होतो. त्याला काही त्रास आहे का? झोप कमी आहे, पैशांची ओढाताण आहे. ताबा सुटलेला नाही. रविवारी घरी गेला की फोन चार्जिंगला लावून दुपारभर झोपतो.

दुसरा स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत. खिशात बटणांचा साधा फोन. स्मार्टफोन मेसच्या काकूंकडे ठेवलेला, रात्री नऊ ते दहा मिळतो. गुण २७, म्हणजे कागदावर ठीकठाक. फोन जवळच नसतो, तेव्हा बऱ्याच विधानांना तो प्रामाणिकपणे 'असहमत' म्हणाला. पण बोलायला बसल्यावर कळलं, तीन महिन्यांपासून तो अभ्यासिकेतल्या मित्राचा जुना फोन रात्री साडेदहानंतर मागून घेतो. पहाटे चारपर्यंत रील बघतो. दुपारी पुस्तक उघडं ठेवून झोपतो. पूर्व परीक्षा गेली. घरी सांगितलं की निकाल लागायचा आहे. काकूंकडे फोन ठेवायची कल्पना त्याचीच, आणि ती मोडून काढायची वाटही त्यानेच शोधली. मला सांगताना तो खाली बघत होता आणि अंगठा तर्जनीवर वरखाली घासत होता, स्क्रोल करावं तसा. त्याला ते कळतही नव्हतं.

४१वाला बरा आणि २७वाला अडचणीत. तुमची प्रश्नावली या दोघांना उलटं सांगेल, आणि तुमचा प्रबंध तिच्यावर विसंबून असेल तर तोही उलटं सांगेल.

म्हणून आयसीडी-११ने गेमिंगसाठी जे तीन धागे धरलेत ते मी सगळ्या वापराला लावून बघते: ताबा सुटणं, बाकी आयुष्यापेक्षा त्याला वरचं स्थान मिळत जाणं, आणि नुकसान दिसत असूनही चालू राहणं. शिवाय त्यामुळे अभ्यास, झोप, नाती यांत ठळक बिघाड हवा, आणि तो साधारण वर्षभर टिकलेला हवा. विचारताना ही पुस्तकी भाषा नको. मी विचारते: "आता बस, असं ठरवूनही ठेवता आला नाही, असं शेवटचं कधी झालं? त्या दिवसाचं सांग." दिवस विचारला की मुलं खरं बोलतात. "सहसा काय होतं" असं विचारलं की भाषण देतात. मग: "फोनपायी काय सुटलं, जे आधी करायचास?" आणि: "हे कुणापासून लपवावं लागतं का?" या तिसऱ्या प्रश्नाला मुलं उत्तर देण्याआधी जितका वेळ गप्प राहतात तो वेळसुद्धा मी टिपून ठेवते.

तुमच्या ३०० जणांपैकी ३० जणांशी असं वीस-वीस मिनिटं बोला. दहा जास्त गुणांचे, दहा मधले, दहा कमी गुणांचे. यादी दुसऱ्या कुणाला तरी काढायला सांगा, म्हणजे समोरच्याचे गुण तुम्हाला ठाऊक नसतील. नंतर मुलाखतीतलं तुमचं मत आणि मापिकेचे गुण शेजारी ठेवा. माझ्या मते तुमच्या प्रबंधाचं सगळ्यात मोलाचं प्रकरण ते असेल. ३०० फॉर्मची टक्केवारी कुणीही काढतं.

स्क्रीन टाइमचा आकडा घ्यावा का? घ्या, पण तो काय आहे ते ओळखून. अँड्रॉइडवर डिजिटल वेलबीइंग आणि आयफोनवर स्क्रीन टाइम २०१८पासून आहे, त्यामुळे अंदाजावर राहायची गरज उरलेली नाही. आणि अंदाज किती कच्चा असतो ते तपासलं गेलंय: २०२१ साली नेचर ह्यूमन बिहेवियरमध्ये आलेल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात, लोकांनी स्वतः सांगितलेला वापर आणि यंत्राने नोंदवलेला वापर यांचा सहसंबंध ०.३८ निघाला (१ म्हणजे पूर्ण जुळणी). वर्ग केला तर ०.१४. म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या फरकांपैकी साधारण १४ टक्केच अंदाजातून उलगडतात. 'समस्यात्मक वापरा'च्या मापिकांचा नोंदवलेल्या वेळेशी संबंध तर त्याहूनही कमी होता. त्याआधी २०१५ साली २३ जणांच्या एका छोट्या अभ्यासात लोक दिवसाला सरासरी ८५ वेळा फोन वापरताना आढळले, आणि त्यांचा स्वतःचा अंदाज निम्म्याहूनही कमी होता. फोन उचलणं इतकं हातवळणी पडलंय की मोजदाद मनात राहतच नाही.

आकडा घेताना स्क्रीनशॉट मागू नका. त्यात ॲपची नावं दिसतात, आणि कुणाच्या फोनवर कोणती ॲप्स आहेत हे आपल्याला कळायचं कारण नाही. मुलांनाच सात दिवसांची सरासरी, अनलॉकची संख्या आणि शक्य असेल तर रात्री अकरानंतरचा वेळ लिहायला सांगा. लॅपटॉप त्यात येत नाही, दुसरा फोन येत नाही, यूट्यूबवर चालू ठेवलेलं लेक्चर मात्र येतं. त्या डिलिव्हरीवाल्या मुलासाठी 'कामासाठी फोन लागतो का, किती तास' हा एक प्रश्न जोडा. मी स्वतः एकूण तासांपेक्षा रात्रीचे तास जास्त बारकाईने बघते. झोप गेली की बाकी सगळं मागोमाग जातं.

सॅम्पलबद्दल. व्हॉट्सॲपवर फिरवलेला फॉर्म कोण भरणार? जो व्हॉट्सॲपवर पडीक आहे तो. म्हणजे मोजायच्या आधीच आकडा फुगला. उलट, सकाळी साडेसातच्या तासाला कागद वाटले तर जो पहाटे चारला झोपला तो वर्गातच नसतो, आणि तोच तर हवा होता. दोन्ही करा. वर्गात भरून घ्या, गैरहजर किती ते मोजा, आणि त्यांच्यापर्यंत नंतर पोचा. सॅम्पल किती हवं म्हणून ३८४चा जो जादूई आकडा सगळे लिहितात तो साध्या यादृच्छिक निवडीचा आहे. तुम्ही अख्खे वर्ग उचलणार असाल तर एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी असतात. समजा ४०चा वर्ग आणि वर्गांतर्गत सारखेपणा ०.०५ (० म्हणजे अजिबात नाही, १ म्हणजे सगळे एकसारखे), तर ३०० मुलांची माहिती जवळपास १०० मुलांइतकीच भरते. हे मर्यादांमध्ये लिहा. आणि 'पुणे विद्यापीठाचे विद्यार्थी' असं मोघम लिहू नका. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात पुण्यासोबत अहिल्यानगर आणि नाशिक जिल्ह्यांतली कॉलेजंही येतात. तुमचे ३०० गणेशखिंडीच्या आवारातले असतील तर तसं म्हणा. अभ्यासिकांमधली हजारो मुलं तर कुठल्याच हजेरीपटावर नाहीत.

गणपतीचे दहा दिवस आणि सत्र परीक्षेचा आठवडा टाळा. परीक्षेत सगळ्यांनाच फोन शत्रू वाटतो.

विश्लेषणातली एक चूक सांगते आणि पुढे जाते. यंगच्या चाचणीत 'ऑफलाइन असताना उदास, चिडचिडं वाटतं आणि ऑनलाइन आलं की बरं वाटतं' अशा अर्थाचा प्रश्न आहे. मग तिचा नैराश्याच्या मापिकेशी सहसंबंध काढला की तो निघणारच, कारण उदासी दोन्ही पारड्यांत ठेवलीय. असे प्रश्न वगळून एकदा परत काढा. आणि क्रोनबाखचा अल्फा, म्हणजे प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा, ०.९० आला म्हणून हुरळू नका. एकच गोष्ट दहा तऱ्हांनी विचारली की तो येतो. तो विश्वसनीयतेचा एक भाग सांगतो, तुम्ही योग्य गोष्ट मोजताय की नाही ते सांगत नाही.

शेवटी तुमची जबाबदारी. नैतिकता समितीची मंजुरी फॉर्म फिरवण्याआधी घ्या, नंतर नाही. एफ.वाय.च्या वर्गात सतराची मुलं असतात. त्यांच्या पालकांची संमती लागते आणि त्यांची स्वतःचीही. शिकवणाऱ्या सरांना वर्गात थांबू देऊ नका, इंटर्नल मार्कांच्या भीतीने मुलं सज्जन उत्तरं देतात.

आणि नैराश्यासाठी तुम्ही पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली जोडणार असाल, जे बहुतेक जोडतात, तर तिचा नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे हे लक्षात ठेवा. निनावी फॉर्मवर कुणी तिथे 'जवळजवळ रोज' अशी खूण केली तर तुम्ही त्या मुलापर्यंत पोचणार कसे? याचं उत्तर तयार नसेल तर तो प्रश्न विचारूच नका. विचारणार असाल तर फॉर्म कागदावर, वर्गात, आणि शेवटच्या पानाच्या तळाशी फाडून नेता येईल अशी चिठ्ठी, सगळ्यांसाठी सारखी: कॉलेजच्या समुपदेशकाची वेळ आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६. हा क्रमांक फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

फॉर्म गोळा झाले की लगेच निघू नका. वर्गाबाहेर जिन्यापाशी दहा-पंधरा मिनिटं उभ्या राहा, हातात काही काम नसल्यासारख्या. एका कॉलेजात असंच थांबले होते. सगळे गेले, एक मुलगी पाण्याच्या टाकीपाशी बाटली भरत राहिली. बाटली भरून वाहायला लागली तरी नळ बंद केला नाही. मग म्हणाली, "मॅडम, त्यातलं एक विचारायचं होतं." आम्ही जिन्यावरच बसलो, पाऊण तास.